आधी तपासून पाहू

बिघडलेली वस्तू आपल्याला दुरुस्त करता येत नाही, हे कबूल करणारा पुरुष मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. असेल कुठे तर असो बापडा, आमच्या इंझोरीकडच्या मुलखात तरी नव्हता. परवा माझ्या चुलत भाच्याच्या कॉम्प्युटरची डिस्क बसली. लग्नाचे, लेकराच्या पहिल्या वाढदिवसाचे, सगळे फोटो तिच्यात. तर या शहाण्यानं काय करावं? डिस्क चालू कर, बंद कर, हलवून पाहा, कानाला लावून पाहा. मग मित्राला बोलाव, मित्राला जमलं नाही की त्याच्या मित्राला बोलाव. शेवटी अमरावतीला दुकानात नेली. तिथल्या माणसानं म्हणे आधी हेच विचारलं की बिघडल्यावर ही कितीदा चालवून पाहिली, आणि भाचा बोटं मोजत बसला. मला फोनवर सांगताना तो रडवेला झाला होता आणि मी इकडे हसत होते. हसू नये, कळतं मला. पण ही बुद्धी कोणाकडून आली ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि तो राग अजून माझ्या पोटातून गेलेला नाही.

माझे बाबा गाणारे होते. पोटासाठी दुसऱ्याच्या वावरात राबायचे, आणि आमच्या लोकांनी धम्मदीक्षा घेतली त्या काळात गावोगाव जलसे होत तिथं गायचे. त्यांचा चार-सहा जणांचा मेळ होता. एकदा हा मेळ नागपूरला गेला. तिथं एक दुकान होतं, पैसे दिले की आपला आवाज रेकॉर्डवर भरून देत. कंपनीच्या रेकॉर्डी साच्यातून छापून निघत, तशी ही नव्हे. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर काळा लेप, आणि त्या लेपात सुईनं कोरलेला आवाज. एकच प्रत. बाबांनी ती घरी आणली आणि मायच्या हातात दिली.

"एका अंगाले गानं हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या अंगाले तुह्यासाठी हाय."

"माह्यासाठी काय हाय?" मायनं विचारलं.

"मशीन आनू तवा आयकजो."

एवढंच बोलणं झालं. मायनं मला हे इतक्या वेळा सांगितलं की मी तिथं उभी असल्यासारखं मला ते पाठ आहे. ग्रामोफोनचं मशीन काही आलं नाही. एक वर्ष कापूस बुडाला, एक वर्ष घराचं छप्पर करायचं होतं, आणि मग बाबा काविळीनं गेले. मी तेव्हा इतकी लहान होते की त्यांचा आवाज मला आठवत नाही. चेहरा आठवतो, हात आठवतात, आवाज नाही.

गावात एका लाऊडस्पीकरवाल्याकडे चावीचं मशीन होतं. लग्नाकार्यात तो त्याच्यासमोर माइक धरून गावाला गाणी ऐकवायचा. मायला कोणी कोणी म्हणाले की त्याच्याकडे का लावत नाहीस. माय म्हणायची, नवऱ्यानं बायकोसाठी भरलेली गोष्ट काय गावाच्या भोंग्यावर लावायची असते? ती रेकॉर्ड तिनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून लोखंडी पेटीत तळाशी ठेवली. निंदण, वेचणी, दुसऱ्याची धुणी, सगळं करून मला शिकवलं. बाईच्या मनात एकच गोष्ट होती, दुसऱ्या बाजूला काय आहे ते एकदा ऐकायचं. बाकी तिनं आयुष्याकडं काही मागितलेलं मला माहीत नाही.

सत्तरच्या दशकात मी मास्तरीण झाले. पहिल्याच उन्हाळ्यात मायला म्हटलं, "काढ ती रेकॉर्ड. कोणाचं मशीन मागायची गरज नाही, मी विकत आणते."

मायनं पेटी उघडली. लुगड्याचा तुकडा सोडला आणि रेकॉर्ड दारातल्या उजेडाकडं धरली. काळ्या लेपावर पांढरी पावडर धरली होती. कडेला एका जागी लेपाचा पोपडा सुटून खालचा पत्रा चमकत होता. इतकी जपली, इतकी जपली, की पेटीतल्या पेटीतच ती खराब झाली. माय पदरानं पुसायला गेली, तेव्हा मी तिचा हात धरला.

आणि इथं काका आला.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, त्या डिस्कवाल्या भाच्याचा आजोबा. मंगरुळपीरला कापसाच्या जिनात कामाला होता. काम काय, तर फिटर मशीनखाली शिरला की बाहेरून त्याला पाने द्यायचे. पण हंगाम सरून गावात आला की असा चालायचा जणू त्याच्यावाचून जिनाचं चाकच फिरत नाही. रेकॉर्ड पाहिल्याबरोबर त्यानं बाह्या वर केल्या. "हे बायकाईचं काम नोहे. मशिनरीतलं मले समजते." बाप्पा! मशिनरी! पत्र्याची एक थाळी होती ती, तिला ना चाक ना पट्टा.

काकाला समजलं म्हणजे गावाला समजलं. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव ओसरीवर. एक म्हणे घासलेटनं पुसा, गंज जातो. दुसरा म्हणे खोबरेल चोळा. तिसऱ्यानं रिठ्याचं पाणी सुचवलं, सोनार दागिने उजळवतात ते. एका महाभागानं उन्हात ठेवायला सांगितलं. चैत्रातल्या वऱ्हाडच्या उन्हात! तिथं माणूस टिकत नाही. ज्यानं जन्मात रेकॉर्ड हातात धरली नाही तो सगळ्यात जास्त बोलत होता. काकानं तर घासलेटात चिंधी बुडवलीसुद्धा. मी ती त्याच्या हातातून हिसकावून चुलीत टाकली. भडका उडाला तेव्हा कुठं सगळे मागं सरकले.

दुसऱ्या दिवशी मी वाशिमला निघाले तर काकाही निघाला. म्हणे पोरीच्या जातीनं बाजारात एकटीनं कसं जावं. मी रोज शाळेसाठी एकटीच एसटीनं जात-येत होते ते या गृहस्थाला दिसत नव्हतं.

वाशिमात एका जैनांच्या कापडदुकानाच्या माडीवर रेडिओ दुरुस्तीवाला बसायचा. महाउर्मट माणूस. तोंडात पान, समोर फोडलेले रेडिओ, गिऱ्हाइकाकडं मान वर करून पाहणं म्हणजे त्याला अपमान वाटे. पण रेकॉर्ड हातात घेतली आणि त्याचं तोंड चालायचं थांबलं. मऊ फडकं ओलं करून त्यानं पावडर टिपून टिपून काढली. भिंगातून दोन्ही बाजू पाहिल्या.

"ये कंपनी का माल नहीं है," तो म्हणाला. "लेप नरम आहे. लोखंडाची सुई लावाल तर दर वेळेला थोडा आवाज खरवडून निघेल. दोन-चारदा वाजेल, मग नुसती खरखर. गाण्याची बाजू अर्धी गेलेली आहे. ही दुसरी बाजू चांगली आहे."

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"माझ्याकडे टेपचं मशीन आहे. हलकी सुई लावून एकदाच वाजवायची आणि टेपवर उतरवून घ्यायची. मग टेप जन्मभर ऐका. पण मशीन खोललेलं आहे, पार्ट नागपूरहून यायचा आहे. पंधरवड्यानं या. तोपर्यंत हिला सुई लावू नका. आणि थांबवत नसेल तर ज्याला ऐकायचं आहे त्याला समोर बसवा आणि मगच लावा."

इतकं स्पष्ट कोण सांगतं हो? लहान लेकराला समजलं असतं. पण जिना उतरता उतरता काका म्हणाला, "दुकानदारी हाय सारी. टेपचे पैसे उपटाचे हायेत त्याले. रेकॉर्ड कुठी झिजत असते काय? लाऊडस्पीकरवाला वर्षानुवर्षं त्याच रेकॉर्डी वाजवून राह्यला."

"काका, त्या कंपनीच्या आहेत. त्यानं आत्ताच सांगितलं."

"तू मास्तरीण शाळेत. मले नको शिकवू."

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "थांबू ना मंग. इतके साल थांबलो." लाऊडस्पीकरवालाही तेव्हा पोहरादेवीच्या यात्रेत भोंगे घेऊन गेलेला होता, त्यामुळं मी निर्धास्त. पंधरा दिवसांनी टेपच करायची असं आम्ही मायलेकींनी ठरवलं.

यात्रा सरली, लाऊडस्पीकरवाला परत आला. आणि एका संध्याकाळी शाळेतून येते तर माय सांगते, काका रेकॉर्ड घेऊन गेले होते, आत्ताच ठेवून गेले.

"अगं, दिली कशाला?"

"म्हने आदी तपासून पाहू, मंग तुमाले बलावू. घरचं मानूस, नाई कसं म्हनू?"

मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. तशीच निघाले आणि काकाला गाठलं. "वाजवली का?"

"छे बाप्पा! सुई टेकवून पाह्यली फक्त. चांगली हाय. येत्या रविवारी आपल्या घरीच मशीन आनतो. वाशिमला जायची गरज नाई, टेप नाई अन् फेप नाई."

सुई टेकवून पाहिली! जेवणाऱ्यानं घास तोंडात घालून सांगावं की नुसता चाखला, तसलं हे. मी पुन्हा विचारलं तर माझ्याकडं न पाहताच खेकसला. आणि मायनं मला आत ओढलं, म्हणाली, लोकांसमोर काकाशी असं बोलू नये. तिला रविवार दिसत होता फक्त.

रविवारी सकाळपासून तिची लगबग. ठेवणीतलं लुगडं काढलं, केस विंचरून घट्ट बांधले, अंगण सारवलं. माय माझी, जणू बाबाच गाडीतून उतरून येणार होते. दुपारी लाऊडस्पीकरवाला मशीन घेऊन आला. काका आला. गावचे रिटायर गुरुजी आले, ज्यांना प्रत्येक समारंभात दोन शब्द बोलल्याशिवाय जेवण जात नसे. रिठदहून बाबांच्या मेळातला ढोलकीवाला आला. मागं आणखी बाप्ये. सगळे ओसरीवर मशीनभोवती मांडी घालून. आणि ज्या बाईसाठी हे सगळं, ती आतल्या दाराच्या चौकटीआड, चहाची भांडी जवळ घेऊन बसलेली. मी म्हटलं, "माय, पुढं ये." ती म्हणाली, "मानसं हायेत ना. आयकू येते इथूनबी."

गुरुजी दोन शब्द बोलले. दोनाचे किती झाले कोण मोजतं. मग काका म्हणाला, आदी गानं लावू. मी म्हटलं, दुसरी बाजू लावा आधी. माझं ऐकतो कोण! गाणं लावलं. सुरुवातीला पोपडा सुटला होता तिथं सुई उडाली, तर लाऊडस्पीकरवाल्यानं सवयीनं सुईच्या डोक्यावर एक नाणं ठेवलं. लग्नात तो असंच करायचा, सुई उडाली की नाणं, अजून उडाली तर दुसरं नाणं. वजन वाढलं की सुई दाबून चालते. कोरड्या वावरात वखर घालावा तशी ती त्या मऊ लेपातून चालली.

आणि खरखरीच्या मागून आवाज आला. माझ्या बाबांचा. लांबून, जसं कोणी नाल्याच्या पलीकडून गातंय. दोन ओळी, अडीच ओळी, ढोलकीचा ठेका, आणि मग पुन्हा खरखर. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं होतं बाबांचा आवाज जाड असेल. पातळ होता, गोड होता. मी भांडी घेऊन उभी होते ती तशीच उभी राहिले, डोळ्यांना धार लागलेली. बाप्यांनी वाहवा केली. मायनं मान उचलून पाहिलं, रेकॉर्ड उलटतात का. तिला गाणं नको होतं.

रेकॉर्ड उलटली. चावी भरली. सुई ठेवली.

खरखर.

सगळे वाकले. खरखर. मधेच श्वास घेतल्यासारखं काही, की मला भास झाला. पुन्हा खरखर. लाऊडस्पीकरवाल्यानं आणखी एक नाणं ठेवलं. काकानं फुंकर मारली. सुई बदलली. मशीन सरकवून पाहिलं, जमिनीचा उतार असेल म्हणे. गुरुजींनी उन्हाचं कारण काढलं. माय चौकटीला हात धरून अर्धी उठलेली, मान पुढं केलेली, चेहरा असा की मला तिच्याकडं पाहवेना.

तेवढ्यात ढोलकीवाला बोलला. भोळा माणूस, त्याच्या पोटात काही राहत नसे. "असं कसं झालं बाप्पा? त्या दिसी तं कसं साफ आयकू येत होतं!"

काकानं त्याला कोपर मारलं. उशीर झाला होता.

"कोन्त्या दिसी?" मायनं विचारलं.

मग एकेक बाहेर पडलं. तपासायच्या दिवशी लाऊडस्पीकरवाल्याच्या घरी काकानं दुसरी बाजू पूर्ण वाजवली. आवाज लख्ख. इतक्यात गुरुजी आले. गुरुजी वडीलधारे, त्यांना न ऐकवणं बरं दिसत नाही, म्हणून पुन्हा लावली. मग ढोलकीवाला रिठदच्या गाडीनं उतरला. पाहुणा आणि बाबांचा जुना सोबती, म्हणून पुन्हा. मग शेजारपाजारचे जमले, कोणी म्हणालं काय हसून राह्यले, आमाले बी आयकवा. म्हणून पुन्हा. आमच्याकडं पहिली पंगत बाप्यांची, बायका मागून. पातेल्यात उरेल ते त्यांचं. एवढी साधी रीत, ती त्या रेकॉर्डलाही लावली आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मागून वैनींना बोलावू! उरलं होतं का काही?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. जे बोलले ते कमीच होतं. काका उलट मलाच म्हणतो, "आमी काय परके हावो? त्याच्या भावानं आयकलं तं काय पाप झालं?" ज्याच्या हातून सगळं मातीत गेलं त्याचाच आवाज सगळ्यात मोठा.

"तू चूप बस पोरी," माय म्हणाली.

ती उठली. चौकट ओलांडून ओसरीवर आली आणि त्या सगळ्या बाप्यांच्या मध्ये, मशीनसमोर, मांडी घालून बसली. गावातल्या पुरुषांसमोर ती अशी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. पदर डोक्यावरून सरकला होता, तो तिनं सावरला नाही.

"मशीन बंद करा," ती लाऊडस्पीकरवाल्याला म्हणाली. मग सगळ्यांकडं पाहून, "तुमी समद्याईनं आयकलं ना? सांगा मंग. काय म्हनत होते?"

लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "मी बाप्पा मशीनकडं पाहत होतो वैनी. मले काय ध्यान नाई." कितीदा वाजवलं, आणि याचं ध्यान मशीनकडं!

गुरुजींनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, की काहीसं कौटुंबिक स्वरूपाचं निवेदन होतं..."

"गुरुजी, शब्द सांगा."

गुरुजी जमिनीकडं पाहू लागले. "तुमचं नाव घेतलं होतं त्यानं. सुरुवातीलाच नाव घेतलं."

आता हे कळायला आमच्याकडची रीत माहीत पाहिजे. नवरा बायकोचं नाव घेत नाही. बाबा तिला 'पोरीची माय' म्हणायचे, नाहीतर नुसतं 'आयकलं का'. लग्नापासून मरेपर्यंत त्यांच्या तोंडून तिनं स्वतःचं नाव ऐकलेलं नव्हतं. ज्या दिवशी ऐकायचं होतं, त्या दिवशी ओसरीभर बाप्यांनी ऐकलं.

"माह्यं नाव?" माय म्हणाली.

"म्हनून तं हासू आलं ना वैनी," ढोलकीवाला म्हणाला. "एवढा जलशातला गडी अन् बायकोचं नाव घेते रेकॉर्डवर! मंग आमी आखीन एकडाव लावलं, गंमत म्हनून." आणि बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं, कारण तो डोळे पुसायला लागला.

माय हसली नाही, रडली नाही. "कसं घेतलं? घेऊन दाखवा."

जो तो दुसऱ्याकडं पाहू लागला. परक्या बाईचं नाव, तेही तिच्या तोंडावर, कोण घेईल? पण त्या दिवशी हसताना लाज आडवी आली नव्हती. मायनं एकेकाकडं बोट केलं. गुरुजींनी शाळेत हजेरी घेतल्यासारखं नाव घेतलं. माय म्हणाली, "नाई, असं नसन." ढोलकीवाल्यानं बांधावरून हाक मारावी तसं घेतलं. "नाई." लाऊडस्पीकरवाला नुसता पुटपुटला. "तुमी तं आयकलंच नाई," माय म्हणाली. "मशीनच पाह्यलं तुमी."

मग तिनं काकाकडं पाहिलं. काका चपला शोधत होता.

"बसा भाऊजी."

तो बसला. काकाचा आणि बाबांचा गळा एक होता. गावातले जुने लोक म्हणत की अंधारात दोघांपैकी कोण बोलतंय ते कळायचं नाही. मला ते माहीत नव्हतं असं नाही, पण त्या क्षणापर्यंत डोक्यात आलं नव्हतं. मायच्या डोक्यात आलं होतं.

"तुमाले समदं ध्यानात हाय," ती म्हणाली. "तुमी आदी आयकलं. पुरं सांगा."

"वैनी, तुमचं नाव माह्या तोंडी..."

"सांगा."

काकानं खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला. मग अगदी हळू, आमच्या कोणाकडं न पाहता, त्यानं मायचं नाव घेतलं. आणि पुढं म्हणाला, "लोकं दरखेपी आदी आयकते अन् तू चुलीपाशी राह्यते. हे आदी तू आयक. मंग लोकाईले आयकवू."

ओसरीवर कोणाची मान वर होईना. आत्ता मला समजलं की हा माणूस त्या दिवसापासून माझ्या नजरेला नजर का देत नव्हता. भावाचे हे शब्द कानांनी ऐकले, आणि ऐकूनही गुरुजींसाठी पुन्हा सुई ठेवली. पाहुण्यासाठी पुन्हा ठेवली. शेजाऱ्यांच्या हसण्यासाठी पुन्हा ठेवली. मला त्याची इतकी शिसारी आली की ते मशीन उचलून त्याच्या डोक्यात घालावं असं वाटलं, आणि घातलंही असतं.

पण मायनं डोळे मिटले होते.

"तुमी बाकीचे बाहीर जा," ती म्हणाली. "पोरी, तूबी."

सगळे उठले. चैत्राच्या उन्हात, अंगणात, चपला न घालता उभे राहिले, गुरुजीसुद्धा. पाय भाजत होते आणि कोणी सावलीला गेलं नाही. ओसरी समोरच होती, दोघंही आम्हाला दिसत होती, माय मशीनसमोर आणि काका तिच्यापुढं मान घालून.

"आखीन एकडाव," मायचा आवाज आला.

काकानं पुन्हा म्हटलं. पहिल्या शब्दालाच त्याचा आवाज फाटला.

"तसं नाई. मघा म्हनलं तसं."

त्यानं म्हटलं.

"आखीन."

त्यानं म्हटलं. किती वेळ हे चाललं मला सांगता येणार नाही. मशीनचा मालक भिंतीकडं तोंड करून उभा होता. शेवटी काकाचा रडवेला आवाज आला, "वैनी, पुरे ना आता. गळा सुकला माहा."

"माठात पानी हाय," माय म्हणाली. "प्या अन् म्हना. तुमी काई झिजून नाई राह्यले."